जावयाचा मरळ

खोली भाड्याने देताना माणसं काय विचारतात? नोकरी कुठे, लग्न झालंय का, मटण-मच्छी शिजवता का, पाहुणेरावळे किती. मी साताऱ्याकडची, सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये बदली होऊन गोंदियाजवळच्या आमगावला आलेली एकटी बाई, त्यामुळे या प्रश्नांना आणखीच धार चढायची. फिरून फिरून पायांचे तुकडे पडले होते. शेवटच्या घरी ओसरीत बसलेल्या एका उंच, वाळक्या गृहस्थांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एकच प्रश्न विचारला.

"चारा धरता येते का जी, म्याडम?"

मला वाटलं, घरात गाईगुरं असतील. "जनावरांची सवय नाही मला," मी म्हटलं.

"जनावराचा नाही जी. मासोरीचा चारा. गरीले लावाचे लहान मासे. नदीतून, आपल्या हातानं धराचे."

गरी म्हणजे गळ, हे मला नंतर कळलं. येत नाही, असं मी सांगून टाकलं.

"शिकसान का?"

दमलेला माणूस कशालाही हो म्हणतो. मी हो म्हटलं आणि मला खोली मिळाली. भाडं किती ते त्यांनी सांगितलंच नाही, ते त्यांच्या बायकोने, काकींनी, स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं.

सगळा मोहल्ला त्यांना काकाजी म्हणायचा, मीही म्हणू लागले. वाघ नदीला लागून त्यांची धानाची शेती होती. आठवड्याचे सहा दिवस ते बांधावर असत आणि आयतवारी नदीत. नदीत जातानाही अंगात पांढरा, पूर्ण बाह्यांचा, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला सदरा असायचा. खाली वर खोचलेली लुंगी आणि वर हा लग्नाचा थाट. का, असं विचारलं तर म्हणत, "कोनाच्या घरी जाच्या वेरी आपून बनियनवर जातो का?" त्यांचे पूर्वज माळव्यातून इकडे आले. का आले याच्या बऱ्याच कथा त्यांच्या नातेवाइकांत आहेत, लढायांच्या नि राजांच्या. काकाजींच्या मते त्यात काही राम नव्हता. घोडे पाणी प्यायला नदीवर थांबले, पाण्यात कोतऱ्या दिसल्या, आणि मंडळी राहून गेली, एवढंच.

कोतऱ्या म्हणजे बोटभर लांबीचे चंदेरी मासे, शेपटीपाशी काळा ठिपका असलेले. मोठ्या माशासाठी याहून चांगला चारा नाही. त्या कशा धरायच्या हे मी पहिल्याच आयतवारी शिकले, म्हणजे शिकायचा प्रयत्न केला.

काकींच्या जुन्या नायलॉन साडीचा एक तुकडा होता, दोन बाजूंना बांबूच्या काड्या शिवलेला. गुडघाभर पाण्यात, वाळूवर तो पसरायचा. वर भाजलेला धानाचा कोंडा मूठभर टाकायचा. मग उन्हाकडे तोंड करून पुतळ्यासारखं उभं राहायचं, कारण आपली सावली साडीवर पडली की कोतऱ्या पसार. त्या आल्या, खाऊ लागल्या, की वाकून दोन्ही काड्या एका दमात, एका उंचीवर उचलायच्या. ऐकायला किती सोपं वाटतं! मी एक काडी आधी उचलली. सगळ्या कोतऱ्या दुसऱ्या बाजूने घसरून गेल्या आणि त्यांच्यामागोमाग मी पाण्यात बसले.

"घाई केली म्याडम," काकाजी शांतपणे म्हणाले. "पाहुन्याले पाटावर बसू तं द्या. ताट वाढलं का लगेच उठवता?"

मग त्यांनी स्वतः धरून दाखवल्या. धरलेली कोतरी उचलायच्या आधी ते हात ओला करत. कोरड्या हाताने माशाचं अंग सोलवटतं म्हणे. नंतर ती जर्मनच्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, नदीच्याच पाण्यात सोडायची आणि वर ओलं फडकं टाकायचं. तो गंज काकींचा होता. दर सोमवारी त्या तो चिंचेने घासत आणि घासताना जे बोलत ते लिहिण्यासारखं नाही.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवशी कळली. काकाजी माशांशी बोलत, आणि हिंदीत बोलत. "आओ, आओ, शरमाओ मत. खाना लग गया है." घरी त्यांची पोवारी चाले, माझ्यादेखत झाडीबोली, पण मासे दिसले की हिंदी. मला हसू आवरेना.

"हसू नोका जी," ते म्हणाले. "ह्या नदीचं पानी तिकून छत्तीसगडाकून येते. मासे तिकडचे. त्याहीले मराठी कोनं शिकवलन?"

माणसाची पारख करायची त्यांची एकच कसोटी होती: चारा कुठला? एकदा गोंदियाहून एक निवृत्त साहेब आले. सोबत विलायती गळ, घडीची खुर्ची, डोक्याला गोल टोपी. काकाजींनी त्यांना चहा पाजला, बसायला सावली दाखवली. मग साहेबांनी थर्माकोलचा डबा उघडला, आत बाजारातून आणलेला चारा. काकाजी उठले आणि नदीच्या पलीकडच्या काठावर जाऊन बसले.

"इकत घेतलेला चारा म्हंजे भाड्यानं आनलेले वऱ्हाडी," ते मला नंतर म्हणाले. "नाचाले पुढं, रडाच्या वेरी कोनी नाही."

एवढी तत्त्वं, पण काकाजींच्या हातून मासा घरी आलेला मी कधी पाहिला नाही. सकाळी कोतऱ्यांनी भरलेला गंज घेऊन ते डोहाकडे जात आणि दुपारी रिकामा गंज घेऊन परत येत. माशाची भाजी घरात व्हायची, पण मासा काकी बाजारातून आणायच्या. आमच्या बाजारात मरळ जिवंत मिळतो, टबातल्या वीतभर पाण्यात वळवळत असतो. "जगातला हा एकटाच गडी," काकी म्हणायच्या, "चारा फुकट धरते आन मासा इकतचा खाते." काकाजी खाली मान घालून भात कालवत.

शेवटी एक दिवस मीच त्यांच्या मागोमाग डोहावर गेले. पळसाच्या झाडांखाली पाणी काळंशार आणि स्तब्ध होतं. काकाजी दगडावर उकिडवे बसले, गंजात हात घातला आणि एकेक कोतरी पाण्यात सोडू लागले. गरी नाही, दोरी नाही. थोड्या वेळाने पाणी आतून हललं. मांडीएवढं जाड, सापासारख्या डोक्याचं काहीतरी वर आलं, कोतरी गिळली आणि खाली गेलं.

"मरळ," काकाजी हळूच म्हणाले. "जावयाचा आहे."

ममता ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती बारावीत असताना त्यांना हा मरळ इथे पहिल्यांदा दिसला, तेव्हा तो मनगटाएवढा होता. काकाजी स्वतः नवे जावई म्हणून पहिल्यांदा सासरी गेले, तेव्हा त्यांच्या सासऱ्याने आपल्या हातच्या चाऱ्यावर हातभर मरळ धरून त्यांना जेवू घातला होता. अर्धं गाव ओसरीत बसून त्यांचं जेवण पाहत होतं. त्या जेवणाची कथा मी किमान वीसदा ऐकली आहे, आणि दर वेळी मरळ थोडा वाढलेला असायचा. तसंच जेवण आपल्या जावयाला घालायचं, हे काकाजींनी हा मरळ दिसला तेव्हाच ठरवून टाकलं. जावई येईल, त्याच्यादेखत चारा धरायचा, गरी टाकायची आणि हाच मरळ त्याच्या ताटात वाढायचा. तोवर याला पोसायचं. दर पावसाळ्यात नदीला पूर येतो, मग तो तोच मरळ कशावरून, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लॅबमध्ये कुणाच्या रक्ताची बाटली बदलली होती.

मरळाच्या रक्षणासाठी त्यांनी एक युक्तीही केली होती, ती मात्र चांगलीच अंगाशी आली. डोहात कुणी गरी टाकू नये म्हणून त्यांनी पानठेल्यावर हळूच सोडून दिलं की डोहात मगर दिसली. बातमी गावभर फिरली. लोकांनी डोहाकडे जाणं सोडलं. काकाजी खूश. चौथ्या दिवशी ती मगर बोअरिंगवर पाणी भरणाऱ्या बायकांमार्फत घरी पोचली, आणि काकींनी काकाजींचं नदीवर जाणंच बंद केलं. "म्हातारपनी मले विधवा करता का?" आता मगर आपणच सोडलीय हे सांगावं कसं? दोन आयतवार ते ओसरीत पिंजऱ्यातल्या पोपटासारखे बसून होते. तिसऱ्या आयतवारी त्यांनी मगर छत्तीसगडात परत गेल्याची बातमी आणली. काकींना ती कधीच पटली नाही. तेव्हापासून त्या डोहाच्या बाजूला फिरकल्या तरी हातात काठी असायची.

ममता गोंदियाच्या एका शाळेत शिकवायची, रोज गाडीने जाऊन-येऊन. शाळेसाठी स्टीलचा डबा घ्यायला म्हणून ती एका भांड्यांच्या दुकानात गेली. डब्याचं झाकण बसेना म्हणून बदलायला गेली. बदललेल्याचंही बसेना. झाकणात काही दोष नव्हता, हे मला तिने पुढे कबूल केलं. दुकानदाराचा मुलगा अंकित. घरात हिंदी बोलणारा, सरळ, हसरा पोरगा. जातीवरून नातेवाइकांनी कुरकुर केली, पण काकाजींनी ती कानाआड केली. ते भलत्याच चौकशीत गुंतले होते.

"मासा खाते नं?"

"नाही, बाबूजी. त्याईच्या घरी कोनीच नाही खात."

"अंडा?"

"नाही."

"झिंगे?"

"बाबूजी, झिंगे काय भाजी आहे का?"

"मंग खाते तरी काय थो?" असं म्हणून काकाजी उठले, आणि त्या आठवड्यात बुधवारीही नदीवर गेले.

ममता त्या संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन बसली. "ताई," ती म्हणाली, "बाबूजी नाही म्हनले तं मी अंकितले नाही म्हनून सांगीन. पळून जानारी पोरगी नाही मी. पन मंग माह्यासाठी दुसरा कोनी पाहू बी नोका म्हनावं." तिने हे रडत सांगितलं असतं तर मला समजूत घालता आली असती. ती भाजीचा भाव सांगावा तशी सांगत होती.

शनिवारी काकाजींनी निकाल दिला. "उद्या नदीवर आन त्याले. चारा त्याचा त्यानं धरू दे. मंग पाहू."

अंकित आला तो इस्त्रीची पँट, चकचकीत बूट आणि हातात दुकानातला कोरा करकरीत स्टीलचा गंज घेऊन. काकींना तो गंज पाहूनच पोरगा पसंत पडला. थंडीचे दिवस होते, पाणी निवळशंख आणि बर्फासारखं गार. काकाजी दगडावर, काकी काठी घेऊन मगरीच्या पहाऱ्यावर, ममता आणि मी पळसाखाली.

अंकितने मोबाइलवर व्हिडिओ पाहून तयारी केली होती. प्लास्टिकची बाटली कापून, तोंड उलटं बसवून, आत बिस्किटाचा चुरा घालून त्याने ती पाण्यात ठेवली. बऱ्याच वेळाने बाहेर काढली तर आत एक खेकडा, तोही रागावलेला. काकाजींनी साडीचा तुकडा पुढे केला. पोरगा बूट काढून, पँटसकट पाण्यात शिरला. पहिल्यांदा एक काडी वर गेली. दुसऱ्यांदा दुसरी गेली. तिसऱ्यांदा तो स्वतःच गेला. दात वाजत होते, केसांतून पाणी गळत होतं. ममताने माझा हात इतका घट्ट धरला की माझ्या बांगडीचा वळ उठला.

शेवटी तो कंबर वाकवून, पाण्यात तोंड घातल्यासारखा, काकुळतीला येऊन म्हणाला, "अरे भाई, एक तो आ जाओ. मेरी शादी का सवाल है."

काकाजींची मान झटकन वळली.

आणि कोतऱ्या आल्या. कोंडा म्हणा, ऊन वर आलं म्हणा, पण आल्या. अंकितने काचेच्या पेल्यांचा ट्रे उचलावा तशा दोन्ही काड्या समतोल वर घेतल्या. बहुतेक निसटल्या, एक राहिली. ती त्याने ओल्या ओंजळीत घेतली. आयुष्यात पहिल्यांदा मासा हातात घेतला होता त्याने. "ठंडी है," तो म्हणाला, आणि लहान पोरासारखा हसला.

"चल," काकाजी उठले. डोहावर आल्यावर त्यांनी गरी पुढे केली. नवी दोरी, नवा काटा. कित्येक वर्षं जपून ठेवलेली ती गरी असावी. "लाव."

अंकितने काट्याकडे पाहिलं, गंजातल्या कोतरीकडे पाहिलं, मग ममताकडे. "बाबूजी," तो म्हणाला, "आप बोलोगे तो दिनभर ये डोरी पकड़ के बैठूँगा. लेकिन इसको काँटे में नहीं लगा पाऊँगा. और खाऊँगा भी नहीं. झूठ बोलके आपकी बेटी नहीं ले जाना मुझे."

ममताने डोळे मिटून घेतले. काकाजींचा गरी धरलेला हात तसाच पुढे होता. अंकितला काय करावं कळेना. त्याने गंजातली कोतरी ओल्या ओंजळीत घेतली, काठाशी वाकून ओंजळ पाण्यात नेली आणि हळूच उघडली. "जा भाई, घर जा."

कोतरीने एक गिरकी घेतली आणि डोहाचं पाणी फुटलं. मरळ अर्धा बाहेर आला, अंकितच्या बोटांपासून वीतभर अंतरावर त्याने कोतरी गिळली आणि सगळ्यांना भिजवून आत गेला. अंकित किंचाळून मागे पडला. "मगर! मगर!" करत काकींनी काठी पाण्यात फेकली. ती काठी कुणालाच लागली नाही हे त्या दिवसाचं आणखी एक नशीब.

मी काकाजींकडे पाहिलं. ते दगडावर बसले होते, पांढरा सदरा चिंब, आणि खांदे हलत होते. मला वाटलं रडताहेत. हसत होते, आणि हसता हसता डोळेही पुसत होते.

"जावयाले मासा चारीन म्हनलो होतो," ते काकींना म्हणाले. "इथं जावयानंच माशाले चारलन!"

मग त्यांनी गरी गुंडाळून खांद्याला लावली आणि अंकितला विचारलं, माशांशी बोलायच्या त्यांच्या खास हिंदीत, "अगले आयतवार को आओगे क्या? चारा खुद पकड़ना पड़ेगा, हाँ."

तेव्हा कुठे ममता रडली.

लग्न गोंदियाला झालं, पंगत कांद्या-लसणाशिवाय. काकाजींनी दोनदा जिलेबी मागून घेतली आणि शेजारच्या प्रत्येकाला सांगितलं की आमच्या जावयाची भाषा माशाले समजते. पुढच्या वर्षी माझी बदली झाली. मागच्या हिवाळ्यात मुद्दाम वाकडी वाट करून मी आमगावला गेले, तीही आयतवारी. घराला कडी होती. सगळे नदीवर असणार, हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

काकाजींचे गुडघे आता पाण्यात उतरू देत नाहीत. ते डोहाजवळच्या दगडावर बसले होते, सदऱ्याच्या गुंड्या गळ्यापर्यंत. खालच्या अंगाला उथळ पाण्यात अंकित साडी पसरून उभा होता, ममता काठावर कोंडा चाळत होती, आणि काकी काठी घेऊन फेऱ्या मारत होत्या. लग्न झाल्यापासून अंकित-ममताचा आयतवार क्वचितच चुकलेला.

"काकाजी," मी थट्टेने म्हटलं, "तुमचं ते जेवण राहूनच गेलं की."

"धरून खाल्ला असता म्याडम, तं एका पंगतीत सरला असता," ते म्हणाले. "मंग जावई दिवाळीले आला असता न् पोरगी नागपंचमीले. आता पाहा, दर आयतवारी माही पोरगी घरी आहे."

मग त्यांनी अंकित लांब आहे ना हे पाहिलं आणि माझ्याकडे झुकले. "एक सांगतो, कोनाले बोलू नोका. तो मरळ गेला जी. परसालच्या पुरात गेला. लय वाट पाहली, आलाच नाही."

"मग आता डोहात आहे तो?"

"बाजारातून आनला. जिता. गंजात घालून आनला न् सोडून देल्ला."

"विकत?" मी जवळजवळ ओरडलेच. "तुम्ही? विकत?"

"हळू बोला नं जी!" काकाजी गडबडले. खाली अंकित पाण्याशी लाडीगोडीने काहीतरी बोलत होता. त्याच्याकडे एकदा पाहून काकाजींनी सदऱ्याची वरची गुंडी नीट केली आणि ठासून म्हणाले, "मासा इकत घेतलो म्याडम. चारा नाही."